थंडीचा साठा

दुष्काळात माणूस काय साठवील याचा नेम नसतो. कवठाळीत बायका पाणी साठवत. टँकरचा भोंगा वाजला की हंडा, घागर, बादली, पातेली, तांब्या, जे जे म्हणून खोलगट ते ते भरून निघे. लग्नात आहेर आलेली अत्तरदाणीसुद्धा एकीने भरून ठेवली होती. पुरुष पावसाच्या अफवा साठवत. आणि सरकारी दवाखान्यातला माणिकप्पा थंडी साठवत असे.

माणिकप्पा औषधं देई, म्हणून गाव त्याला कंपौंडरअप्पा म्हणे. लातूर जिल्हा नवा झाला आणि नव्याची नवलाई म्हणून उदगीरकडच्या या कोपऱ्यातल्या दवाखान्यालाही एक फ्रिज मिळाला. त्याच्या पोटात ठेवायचा तापमापक मागाहून येणार होता. नव्या जिल्ह्यात बऱ्याच गोष्टी मागाहून येणार होत्या. पाऊसही त्यातच धरलेला होता.

फ्रिज लसींसाठी होता आणि माणिकप्पाने तो लसींसाठीच राखला. गळ्यात इष्टलिंग आणि करगोट्याला फ्रिजची किल्ली. सरपंच अमृतरावांनी एकदा आमरसाचं पातेलं गार करायला पाठवलं, तर माणिकप्पाने ते आणणाऱ्या गड्यासकट परत धाडलं. "सरपंचाच्या आमरसापायी लेकरांची लस नासवू काय?" हे त्याचं वाक्य गावात पुष्कळ दिवस फिरलं. अशा माणसाच्या हातून लस नासायची, तर ती बेफिकिरीने नासणं शक्यच नव्हतं. ती काळजीनेच नासायला हवी होती.

त्याचं गणित सरळ होतं. उन्हाने लस खराब होते, असं वरून येणारा प्रत्येक साहेब सांगे. म्हणजे थंडीने ती टिकते. म्हणजे थंडी जितकी जास्त तितकी लस पक्की. पोलिओचे थेंब बर्फात किती सुखाने राहतात, हे त्याने उदगीरला डोळ्यांनी पाहिलं होतं. मग त्रिगुणी लसीने काय पाप केलं? घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात, तीन तीन रोगांशी एकटी झुंजणारी ती लस. तिचा मान जास्तच. म्हणून त्याने तिच्या बाटल्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात, मानाच्या जागी बसवल्या.

त्यात लायटीचा भरवसा नव्हता. ती टँकरसारखीच यायची, आपल्या मर्जीने. आली की माणिकप्पा फ्रिजचा कान शेवटच्या आकड्यापर्यंत पिळी. पाणी आलं की भरून घ्यावं, तशी थंडी आली की भरून घ्यावी. उद्याचं कुणी पाहिलंय? लाइट गेली की दाराला हात न लावता तो फ्रिजच्या कुशीवर तळवा ठेवून उभा राही, तापातल्या पोराजवळ उभं राहावं तसा.

त्याची बायको शिवकांता देगलूरची, जिभेला सीमा नसलेली. ती म्हणे, "त्या डब्याला जपता तेवढं मला जपलं असतं, तर मी बी आजून ताजी ऱ्हायले असते."

"तू बारा महिने गरम असतीस," माणिकप्पा म्हणे. "तुझं कसं जमावं?"

लस टोचायचं काम सिंधु सिस्टरचं. सकाळी ती बर्फातून बाटली उपसून काढी आणि दोन्ही तळव्यांत चोळून पातळ करी.

"अप्पा, ही दवा हाय का गारेगार?"

"गार हाय म्हणून तर दवा हाय, सिस्टर."

"आन् हे तळाला पांढरं पांढरं काय बसून राहिलं?"

"सत्त्व हाय ते. हालवून घ्या चांगलं."

आणि बायांना तो सांगे, "पोराला ताप येईल. आला तर घाबरू नका. ताप आला म्हणजे लस लागली." लेकरांना ताप यायचा, मांडीत गाठी यायच्या आणि बाया समाधानाने म्हणायच्या, लागली बाई.

एप्रिलमध्ये जिल्ह्याहून एक मोठे साहेब तपासणीला आले. दवाखान्यात पंखा बंद, माठ रिकामा, खुर्चीचं प्लास्टिक तापलेलं. माणिकप्पाने करगोट्याची किल्ली काढून फ्रिज उघडला आणि एक बाटली साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती मुठीत धरली, मग गालाला लावली, आणि म्हणाले, "आहाहा!" त्या उन्हाळ्यात अख्ख्या जिल्ह्यातल्या एखाद्या सरकारी वस्तूला हात लावून कुणी आहाहा म्हणण्याची ती पहिलीच वेळ असावी. पुढच्याच महिन्यात लातूरला माणिकप्पाला शाल, श्रीफळ आणि टाळ्या मिळाल्या. लस जपावी तर कवठाळीने, असं साहेब माइकवर म्हणाले. गावात परतल्यावर अमृतरावांनी आमरसाचा राग विसरून त्याला पेढा भरवला.

सत्काराच्या पाठोपाठ प्रशिक्षण निघालं. क्रम थोडा चुकला होता, पण नव्या जिल्ह्यात असं चालायचं. लातूरच्या एका हॉलमध्ये सगळ्या दवाखान्यांचे लोक गोळा झाले. शिकवायला आलेल्या डॉक्टरीणबाई बारीक आवाजाच्या होत्या, म्हणून पहिला तासभर माणिकप्पा सत्कारमूर्तीला शोभेल असा डुलकी घेत होता. मग बाईंनी त्रिगुणी लसीच्या दोन बाटल्या उंच धरल्या, दोन्ही हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"आता चहा घ्या," त्या म्हणाल्या.

चहा होईस्तोवर एक बाटली तशीच दुधासारखी होती. दुसरीत पांढरे कण तळाला जाऊन बसले होते आणि वर नुसतं पाणी.

"ही दुसरी एकदा गोठलेली आहे," बाई म्हणाल्या. "पोलिओला बर्फ चालतो, हिला नाही. ही गोठली की मेली. नंतर वितळते, पण जिवंत होत नाही."

मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, अशी टोचली तर?"

"तर टोचल्याचं समाधान मिळतं. लेकराला नाही, टोचणाऱ्याला."

"पण ताप तर येतो की!"

"ताप येईल, गाठ येईल. फक्त रोग अडणार नाही."

निलंग्याकडचा एक कंपौंडर माणिकप्पाच्या बरगडीत कोपर घालून म्हणाला, "सत्कारमूर्ती, तुमी सांगा की दोन शब्द. तुमचं फ्रिज कसं ठिवता ते." माणिकप्पाला एकाएकी हुडहुडी भरली होती, आणि बाहेर मे महिना होता.

उदगीरच्या एसटीत त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. एरवी हे भाग्य समजलं असतं. आज तो पाहत राहिला ती झाडाखाली, टपरीपुढे, कडेवर बसलेली लेकरं. गावात गेल्या उन्हाळ्यापासून किती मांड्यांत आपण पाणी भरलं, याचा हिशोब त्याचं मन मांडू लागलं, आणि माणिकप्पाने तो मांडू दिला नाही. घरी न जाता तो दवाखान्यात गेला, बर्फातली एक बाटली काढली, तळव्यांत पातळ केली, हलवली आणि खिडकीत ठेवली. सत्त्व चटकन खाली बसलं.

तेवढ्यात दारात दानम्मा आली. तिचा नवरा गुंडप्पा लातूरच्या मोंढ्यात पोती उचलायला गेलेला. ती इथे रोजगार हमीच्या कामावर खडी फोडी. कडेवर बसवंत होता, अजून बसायला शिकत असलेला. तो खोकत होता. एकामागून एक, दम घ्यायला जागाच न ठेवणारा खोकला. तोंड लाल, मग जांभळं. आणि शेवटी छातीतून वर ओढल्यासारखा एक लांब आवाज, शिट्टी आणि किंकाळी यांच्यामधला.

"अय्यो शिवा, बघा की अप्पा ह्याला," दानम्मा म्हणाली. "शेजारच्या तांड्यावर बी दोन लेकरं असंच करून राहिलेत. तिथल्या बाया म्हणतेत डांग्या हाय. म्या म्हणलं, डांग्या कसा व्हईल? माझ्या लेकराला तिन्ही सुया झाल्यात, तिन्ही टायमाला ताप आला. अप्पांनी सोता सांगितलंय, लागली म्हून."

माणिकप्पाने तिला डॉक्टरांकडे नेलं, आणि डॉक्टर पोराची छाती तपासत होते तोवर आतल्या खोलीत उभा राहिला. बाहेर येऊन त्याने लिहून दिलेलं औषध दिलं. मग लिहून न दिलेलं खोकल्याचं गोड औषधही दिलं. मग सकाळी घरून नेलेला, न उघडलेला आपला डबा दिला. दानम्माला वाटलं, सत्कार झाल्यापासून अप्पांचं मन लई मोठं झालंय.

ती गेल्यावर त्याने डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर हदगावकर तरुण होते, नांदेडला बदली मिळावी म्हणून त्यांचा अर्ज वर गेलेला होता, आणि अर्ज वर असताना खाली काही घडू नये अशी त्यांची साधी अपेक्षा होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"माणिकप्पा, तुम्ही मला कशाला सांगितलं?"

"मग कुणाला सांगू, साहेब?"

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. दुसऱ्याच दिवशी ते स्वतः जीपने उदगीरला गेले आणि ताजी लस घेऊन आले. फ्रिजचा कान पुन्हा सरळ केला, बाटल्या खालच्या फळीवर, बर्फापासून लांब ठेवल्या. मग दार लावून म्हणाले, "आपण हा जादा डोस म्हणून देऊ. उत्तम काम केलेल्या गावाला बक्षीस. कुणाला काही सांगायचं कारण नाही. लेकरं सुरक्षित, आपणही सुरक्षित."

सिंधु सिस्टर कोपऱ्यात सुया उकळत होती. ती म्हणाली, "सरकार बक्षीस म्हून सुई टोचतं, हे मी नोकरीत पयल्यांदाच ऐकून राहिले."

तरी माणिकप्पाला केवढं हलकं वाटलं! लबाडीने का होईना, काम झालं म्हणजे झालं. हलगी वाजली, बक्षीस जाहीर झालं. ठरलेल्या सकाळी सिस्टर सुया मांडून बसली, आणि दुपारपर्यंत आल्या पाच बाया. त्यातल्या दोन डोकं दुखतंय म्हणून आल्या होत्या. माणिकप्पा दारोदार फिरला. सगळीकडे एकच उत्तर.

"अप्पा, तीनदा ताप काढला. आता कामून?"

"लागली म्हणलात न्हवं तुमी? एकदा लागलेली पुन्ना कशी लागंल?"

जगदेवी तर हसत म्हणाली, "तुमची लस लई कडक अप्पा, साहेबानं सोता सांगितलं. आमच्या लेकरांना पुरून उरली. उरलेली दुसऱ्या गावाला द्या."

त्याच्याच वाक्यांनी त्याची वाट अडवली होती. आणि खोकला तांड्यावरून गावात शिरलेला होता. रस्ता त्याला दानम्माच्या घरापर्यंत माहीत झाला होता.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा माणिकप्पा चावडीपुढे गेला. अख्ख्या गावातल्या बाया एका जागी सापडायच्या त्या फक्त तिथेच. दानम्मा तेवढी नव्हती. तिचा हंडा जगदेवीने आणला होता. माणिकप्पा टँकरच्या मागच्या पायरीवर चढला. बायांना वाटलं, आता हा पाण्याच्या पायीही सत्कार घेतो की काय.

"बायांनो, लसीत खोट होती," तो म्हणाला. "उन्हानं न्हाई नासली. म्या नासवली. थंडीनं. लई जपायला गेलो आन् बर्फात घालून मारली. तुमच्या लेकरांना म्या पाणी टोचून दिलंय."

नळीतून पाणी वाहत होतं आणि हंडा कुणी धरत नव्हतं. त्या वर्षात असं पहिल्यांदाच घडलं.

मग एकदम गलका उठला. "तापानं फणफणलं माझं पोरगं, पाण्यापायी?" "गाठ आलती की मांडीत, लंगडत होतं!" "वर शाल घिऊन आला मेला!" सरपंचांच्या लक्ष्मीबाई पुढे आल्या. "आमच्या आमरसाला जागा न्हाई म्हणला होता न्हवं? ठिवला असता तर निदान रस तरी गार झाला असता!" कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्याने शिव्यांना जास्तच धार आली. माणिकप्पा पायरीवर उभाच राहिला. शिव्या कमी पडू नयेत असं त्याला वाटत होतं. कुणी थांबली की तो आशेने तिच्याकडे बघे.

शेवटी जगदेवी म्हणाली, "अन् आता आणली ती तरी बरी हाय कशावरून?"

"डॉक्टरांनी सोता आणली. फ्रिजची किल्ली आता सिस्टरकडं हाय."

"मंग आधी तुमी टोचून घ्या आमच्या देखत."

गलका ऐकून धावत आलेल्या डॉक्टरांनी समजावलं की ती लस मोठ्या माणसाला देत नाहीत. बाया ऐकेनात. तेव्हा सिस्टरने धनुर्वाताचं इंजेक्शन भरलं आणि दवाखान्याच्या ओट्यावर, सर्वांच्या साक्षीने, माणिकप्पाच्या दंडात खुपसलं. तिने सुई जरा जास्तच सावकाश काढली. माणिकप्पाने आणखी एक मागितलं असतं, पण सरकारी माल होता.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी झाडून सगळी लेकरं आली. सिस्टर टोचत होती, डॉक्टर प्रत्येकीला पुन्हा कधी यायचं ते बजावत होते, आणि बाया बाटली उजेडात धरून बघितल्याशिवाय मांडी पुढे करत नव्हत्या. साहेबांकडून चौकशी येणार अशी कुणकुण लागली, तेव्हा डॉक्टरांनी माणिकप्पाला बोलावलं. "तुम्ही रजेवर जा. चौकशीला माणूसच सापडला नाही म्हणजे ती मागाहून होते." शिवकांताने त्याला जेवायला वाढलं आणि म्हणाली, "झालं गेलं. कबूल केलंत, गावानं शिव्या दिल्या, फिटलं."

फिटलं नव्हतं. अजून एक घर राहिलं होतं, आणि सगळं गाव फिरताना त्याने तीच गल्ली तेवढी टाळली होती.

दानम्मा उंबऱ्यात बसली होती. बसवंत मांडीवर, डोळ्यांखाली सूज, ओठ सुकलेले. माणिकप्पा अंगणात उभा राहिला.

"दानम्मा, तुला खबर लागलीच असंल."

"लागली. जगदेवीनं सांगितली."

"माझीच चूक हाय."

"हाव," मान डोलावून ती म्हणाली.

शिव्यांची त्याने तयारी केली होती, रडण्याचीही. पायावर डोकं ठेवून काय बोलायचं, तेही ठरवलं होतं. हाव म्हटल्यावर काय करायचं, हे ठरवलेलं नव्हतं.

"ताजी लस आली हाय," तो उगाच म्हणाला.

"डॉक्टर म्हणले, आता ह्या खोकल्याला तिचा उपेग न्हाई. पाऊस पडंस्तोवर खोकंल म्हणले. जगला तर." शेवटचे दोन शब्द तिने पदराने पोराचं तोंड पुसता पुसता म्हटले.

"मी काय करू? तू सांगशील ते करतो."

दानम्माने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. राग नव्हता, बाजारात बैल पारखावा तसं पाहणं होतं, कामाचा आहे की नाही.

"कवाधरनं खडीवर गेले न्हाई. मुकादम म्हणतो, दुसरी बाई घेतो. ह्याला धराया कोन हाय मला?" ती उठली आणि बसवंतला त्याच्या हातात दिलं. "खोकला आला की आडवं ठिऊ नका. असं म्होरं वाकवून धरायचं. पाठ चोळायची. निळा पडला तरी हाका मारायच्या, भिऊन सोडायचं न्हाई. वकल्यावर थोडं थोडं दूध पाजा. लुगड्याचं फडकं तिथं हाय."

तिने हातोडी घेतली, पायांत चपला घातल्या आणि गेली. मागे वळून पाहिलंही नाही. जणू तिला पक्कं ठाऊक होतं की हा माणूस जागचा हलायचा नाही.

माणिकप्पा भिंतीला टेकून बसला. घर स्वच्छ होतं, चूल विझलेली होती. पोर हलकं होतं, आणि त्याच्या अंगाला दुधाचा आणि आंबट उलटीचा वास येत होता. पहिली उबळ आली तेव्हा तिने सांगितलेलं सगळं तो विसरला. मग आठवलं. त्याने बसवंतला पुढे वाकवलं, पाठ चोळली. खोकला थांबेना; इवलीशी मान मागे तुटून पडेलशी वाटू लागली, ओठ जांभळे झाले, आणि श्वास कुठेच नव्हता. "बसवंत," तो म्हणाला. "बसवंत. बसवंता रे." फ्रिजजवळ उभं राहणं असं नव्हतं. तिथे नुसता तळवा ठेवला की आपण काहीतरी करतोय असं वाटायचं. इथे काही वाटायला वेळच नव्हता. मग एकदम ती लांब किंकाळी आली आणि हवा आत गेली. पोराने त्याच्या धोतरावर सगळं ओकून टाकलं आणि तिथेच मान टाकून झोपलं.

संध्याकाळी दानम्मा आली ती दगडाच्या पिठाने पांढरी झालेली. तिने पोर घेतलं, कपाळाला हात लावून पाहिला, किती येळा आली म्हणून विचारलं. माणिकप्पाने सांगितलं. तिने मान हलवली. पाणी प्या म्हणाली नाही. बस, इतकंच.

सकाळी मुकादमाची शिट्टी व्हायच्या आत माणिकप्पा पुन्हा तिच्या दारात होता. तिने या म्हटलं नाही, नको म्हटलं नाही; पोर त्याच्या हातात दिलं आणि हातोडी उचलली. बसवंतने तोंड वर करून पाहिलं, त्याला ओळखलं आणि रडायला ओठ काढले. मग उबळ आली, आणि त्याचं रडायचं राहूनच गेलं.